टर्बो पेट्रोलचा सायलेन्सर बदलायचाय, सेन्सर आणि वॉरंटीचं काय होईल?

सांगलीकर_टर्बो

नमस्कार मंडळी. माझ्याकडे 1.0 टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे, बीएस6 फेज 2 वाली, कंपनीची वॉरंटी शिल्लक आहे आणि वर एक्स्टेंडेडही घेतलीय. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळी चर्चा ब्रँडवर घसरते.

गाडी पळायला एक नंबर, पण मागून आवाज म्हणाल तर काहीच नाही, तीन सिलिंडरची घरघर तेवढी केबिनमध्ये येते. मला फटाके फोडत फिरायचं नाहीये, घरी लहान पोरगी आहे, सोसायटीत म्हातारी माणसं आहेत, फक्त जरा भरदार खर्ज हवाय एवढंच. म्हणून कोल्हापूरला उद्यमनगरात चौकशी केली तर एकाने दोन पर्याय दिले. एक म्हणजे फक्त मागचा डबा बदलायचा. दुसरा म्हणजे टर्बोपासून मागेपर्यंत सगळं नवीन, त्यात तो म्हणतो कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून सरळ पाईप मारू, मागच्या सेन्सरला स्पेसर लावू, चेक इंजिन लाईट येणारच नाही, पिकअप बघाच तुम्ही.

शोरूममधला ॲडव्हायझर म्हणाला खालचा एक नट जरी हलवला तरी अख्खी वॉरंटी गेली समजा. आणि आमचा एक मित्र म्हणतो असं काही नसतं, कंपनीला सिद्ध करावं लागतं, तसा कायदा आहे. आता तिघं तीन गोष्टी सांगतायत, खरं कोणाचं धरू? ज्यांनी हे काम केलंय किंवा ज्यांना सेन्सरमधलं कळतं त्यांनी जरा सविस्तर लिहा प्लीज.

---

लॅम्डा_पुणे

सविस्तर लिहितो, कारण या विषयावर अर्धवट माहितीने लोकांची इंजिनं खराब झालेली बघितलीत.

आधी तुझ्या गाडीखाली काय आहे ते डोळ्यासमोर आण. टर्बोला चिकटूनच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, त्याच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर आणि नंतर एक. त्यापुढे फ्लेक्सी म्हणजे लवचिक जोड, मग मधला रेझोनेटर (आवाजाची घुमी मारणारा छोटा डबा) आणि सगळ्यात मागे मोठा डबा. म्हणजे ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं) जे काही नाक-कान आहे ते सगळं इंजिनच्या जवळ संपलं. दुसऱ्या सेन्सरच्या मागे तू काय लावलंस हे ईसीयूला जवळपास कळतच नाही. त्यामुळे फक्त मागचा डबा बदलला, जोड घट्ट बसले, तर सेन्सरला काहीही होत नाही, लाईट येत नाही. आणि हेही ऐकून ठेव की पिकअपमध्येही फरक पडत नाही, जो पडल्यासारखा वाटतो तो आवाजाचा परिणाम. टर्बो गाडीत ईसीयू टॉर्क ठरवूनच बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) देतो, मागे वाट मोकळी झाली म्हणून तो आपणहून जास्त देत नाही.

आता दुसरा पर्याय. इथे खरा घोळ आहे. पुढचा सेन्सर मिश्रण बघतो, पेट्रोलला 14.7 भाग हवेला 1 भाग इंधन हा हिशोब धरून ईसीयू सतत इंधन कमी-जास्त करत असतो. या सेन्सरच्या आधी किंवा अगदी जवळ कुठे जरी बारीक लीक राहिला, फ्लँज नीट बसला नाही, वेल्डमध्ये छिद्र राहिलं, तर होतं काय की एक्झॉस्टचे धक्के येतात-जातात त्यात मधे दाब कमी झाला की बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं ऑक्सिजन जास्त आहे म्हणजे इंधन कमी पडतंय, ईसीयू इंधन वाढवतो, प्रत्यक्षात इंजिन रिच, म्हणजे जास्त इंधनावर, चालायला लागतं. ॲव्हरेज पडतं, प्लग काळे होतात, न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळतं आणि कॅट तापून वितळतो. आणि गंमत म्हणजे स्कॅनरवर कोड येतो पी0171, म्हणजे मिश्रण लीन, इंधन कमी! मेकॅनिक इंजेक्टर आणि पेट्रोल पंप बदलत बसतो आणि दोष असतो चार रुपयांच्या पॅकिंगमध्ये.

कॅट काढला तर काय होतं तेही सांगतो. कॅटमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्यात सिरियम ऑक्साईडही असतं आणि ते ऑक्सिजन साठवून ठेवतं. ईसीयू अधूनमधून मुद्दाम मिश्रण रिच-लीन करतो आणि मागच्या सेन्सरला तो बदल किती उशिरा कळतो ते मोजतो. उशीर झाला म्हणजे कॅट जिवंत. कॅटच नाही तर मागचा सेन्सर लगेच पुढच्यासारखा नाचायला लागतो आणि पी0420, म्हणजे कॅट निकामी असा कोड, येतो. स्पेसर लावणारे सेन्सरला धुराच्या वाटेतून जरा बाहेर ओढतात म्हणजे त्याची हालचाल मंद होते. जुन्या बीएस4 गाड्यांवर हे चालून जायचं. आताच्या गाड्यांत तो मागचा सेन्सर नुसता पहारेकरी नाही, पुढच्या सेन्सरचं वाचन बारीक सुधारायलाही ईसीयू त्याचाच आधार घेतो, शिवाय सेन्सर सुस्त झालाय का याचीही वेगळी तपासणी चालते. म्हणजे त्याला फसवलंस की मिश्रणही हळूहळू बिघडतं. आणि वर टर्बोच्या मागचा अडथळा गेला की बूस्ट ठरल्यापेक्षा वर जाऊ शकतो, मग पी0234 (बूस्ट जास्त) येऊन गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे ताकद कमी करून चालते. म्हणून मग रिमॅप, म्हणजे ईसीयूच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल, करा, आणि रिमॅप केला की वॉरंटीचा विषय संपला.

तुला खर्ज हवाय ना? मागचा डबा बदल, मधला रेझोनेटर अजिबात काढू नको. तीन सिलिंडरला रेझोनेटर काढला की 2000 ते 2500 आरपीएमला असा घुमतो आवाज की हायवेवर अर्ध्या तासात डोकं उठतं, पोरगी मागे झोपूच शकणार नाही.

---

उद्यमनगर_फॅब्रिकेटर

लॅम्डा साहेबांनी बरोबर सांगितलंय. मी स्वतः हेच काम करतो त्यामुळं माझ्या धंद्याच्या विरोधात बोलतोय असं वाटेल पण खरं ते खरं. वॉरंटीतल्या बीएस6 गाडीचा कॅट काढून द्या म्हणणारं गिऱ्हाईक मी परत पाठवतो. काढलेल्या कॅटला भंगारात चांगला भाव येतो, म्हणून पण काहीजण काढा-काढा म्हणतात हे लक्षात घ्या भावा. तुमचा कॅट काढला तर तो जातो कुठं हे विचारायला शिका.

आता मागचा डबा करायचा असेल तर काम कसं करून घ्यायचं ते सांगतो. पहिली गोष्ट, कंपनीचा पाईप कापू द्यायचा नाही. बऱ्याच गाड्यांत मधला पाईप आणि मागचा डबा सलग येतो, जोडच नसतो, मग कारागीर ग्राइंडर लावतो आणि विषय तिथंच संपतो, परत ओरिजिनल बसवायची वाट बंद. तुमच्या गाडीत असं असेल तर स्पेअरचा एक सेट किंवा अपघाती गाडीचा निघालेला मधला-मागचा पाईप मिळतोय का बघा, त्यावर काम करा, आणि तुमचा ओरिजिनल तसाच्या तसा पोत्यात गुंडाळून माळ्यावर. डबा एसएस 304 चा घ्या, 409 स्वस्त पडतो पण तो वरनं गंजतो. आपल्याकडं पावसाळ्यात चार महिने खालनं पाणीच असतंय.

वेल्डिंगच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची म्हणजे काढायचीच. अर्थची क्लॅम्प वेल्डच्या शेजारी लावायची, लांब बॉडीला कुठंतरी नाही, नाहीतर करंट फिरून ईसीयू किंवा सेन्सरपर्यंत जातो. खरं तर पाईप गाडीखालनं काढून टेबलावर वेल्ड केलेला सगळ्यात बरा, मी तसंच करतो. जोडाला काही लोक साधं सिलिकॉन फासतात, ते सेन्सरच्या आधी कुठंबी लागलं की सेन्सर मेलाच म्हणून समजा, त्याची वाफ सेन्सरच्या टोकावर बसती. नवीन पॅकिंग टाका आणि नट टॉर्कनं आवळा.

एक गोष्ट कोणी बोलत नाही ती म्हणजे मागच्या बंपरातले पार्किंग सेन्सर. टीप जाड घेतली आणि बंपरला खेटून बसवली की बंपर तापतो, कडेनं पिवळा पडतो, तिथला सेन्सर उगीच पीं पीं करायला लागतो. टीप आणि बंपरच्या मधे बोटं आरामात जातील एवढी फट पाहिजे. आणि कंपनीचं हीट शील्ड काढलेलं परत लावलंय का ते रॅम्पवर उभं राहून स्वतः बघा, स्टेपनीच्या खड्ड्याखालनं पाईप जातो तिथलं पत्र्याचं शील्ड लोक सर्रास फेकून देतात.

काम झालं की थंड इंजिन चालू करायचं, एकानं टीपवर जाड ओला फडका दाबून धरायचा, दुसऱ्यानं खाली कान देऊन ऐकायचं. जिथं लीक तिथं फस फस ऐकू येतंय. आठवड्याभरानं परत खाली बघा, जोडाला काजळीची काळी रेघ दिसली म्हणजे तिथनं धूर गळतोय.

---

नाशिक_हक्क

सेन्सरचं झालं, मी वॉरंटीवर बोलतो कारण त्यातून गेलोय.

तुझा मित्र जो कायदा सांगतोय तो अमेरिकेतला आहे, 1975 चा मॅग्नुसन-मॉस. यूट्यूबवर तिकडचे व्हिडिओ बघून लोक इकडे सर्व्हिस सेंटरला तेच ऐकवतात, त्याचा इथे काही उपयोग नाही. आपल्याकडे जवळपास जाणारी गोष्ट म्हणजे भारतीय स्पर्धा आयोगाचा 25 ऑगस्ट 2014 चा आदेश, 14 कार कंपन्यांच्या विरोधातला. त्यात म्हटलं होतं की बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच नाकारता येईल. पण दोन गोष्टी लक्षात ठेव. तो आदेश बाहेर केलेल्या दुरुस्तीबद्दल आहे, मॉडिफिकेशनबद्दल नाही. आणि त्यावर पुढे अपिलं झाली. त्यामुळे काउंटरवर तो कागद आपटून भागत नाही, तुझा आणि कंपनीचा करार म्हणजे गाडीबरोबर मिळालेली वॉरंटी पुस्तिका, तीच आधी नीट वाच. बहुतेक पुस्तिकांत असं असतं की बदल केल्यामुळे किंवा बाहेरचा पार्ट लावल्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही. "मुळे" हा शब्द तिथे असेल तर ॲडव्हायझर म्हणतो तसं अख्खी वॉरंटी आपोआप जात नाही. काही पुस्तिकांत मात्र बदल केला की वॉरंटी संपली असं सरळ लिहिलेलं असतं, आणि एक्स्टेंडेडची पुस्तिका वेगळी असते, बऱ्याचदा ती विमा कंपनीमार्फत येते आणि तिच्या अटी जास्त कडक असतात. दोन्ही वाच.

माझ्या बाबतीत झालं ते असं. मागचा डबा बाहेरचा होता, बोल्टवर बसणारा, बाकी सगळं कंपनीचं. टर्बोच्या वेस्टगेटचा (बूस्ट आवरणाऱ्या झडपेचा) ॲक्च्युएटर गेला. ॲडव्हायझरने खाली वाकून डबा बघितला आणि जॉब कार्डवर लिहिलं "एक्झॉस्ट मॉडिफाइड, वॉरंटी नॉट ॲप्लिकेबल" आणि सही मागितली. मी सही केली नाही, म्हणालो वाक्य असं लिहा की मागचा सायलेन्सर बाहेरचा आहे, एवढंच, कारण तेवढंच खरं आहे. मग मेल टाकला, कस्टमर केअरला कॉपी ठेवून, की मागच्या डब्यामुळे ॲक्च्युएटर कसा खराब झाला ते तांत्रिक कारण लेखी द्या. बरेच दिवस उत्तर नाही. पुन्हा मेल, मग एरिया सर्व्हिस मॅनेजर आला, स्कॅनर लावला, ईसीयूचं सॉफ्टवेअर ओरिजिनल आहे हे बघितलं, आणि क्लेम पास झाला. त्यात खूप मनस्ताप झाला, हेही सांगतो, कारण तेवढे दिवस गाडी तिथे उभी होती आणि ऑफिसला जायला दुसरी सोय नव्हती. हाच प्रकार डाऊनपाईप बदललेला असता तर मी भांडायलाच गेलो नसतो, कारण टर्बोच्या शेजारचाच पार्ट बदललाय आणि टर्बो गेलाय, तिथे कंपनीचं म्हणणं बरोबर असतं.

नाहीच ऐकलं तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि पुढे जिल्हा आयोग. पण तिथेही लेखी कागदच बघतात, "साहेब तोंडी म्हणाले होते" याला किंमत नाही. तुझा ॲडव्हायझर नट हलवला तरी वॉरंटी गेली म्हणाला ना, त्याला तेच मेलवर लिहून माग. बघ लिहितो का.

---

डिझेल_विदर्भ

याच धाग्यात विचारून घेतो, माझी बीएस6 डिझेल एसयूव्ही आहे, शहरातच जास्त चालते, डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) लाईट सारखी येते. इथला एक जण म्हणतो डीपीएफ आतून पोकळ करून टाकू आणि सॉफ्टवेअरमधून बंद करू, सर्व्हिसला जाताना कोड पुसायचे म्हणजे कोणाला कळत नाही. करावं का?

---

लॅम्डा_पुणे

@डिझेल_विदर्भ अजिबात नको. डीपीएफच्या पुढे-मागे दाबाचा फरक मोजणारा सेन्सर असतो, तापमानाचे सेन्सर असतात, काही गाड्यांत नॉक्स (नायट्रोजन ऑक्साईड) सेन्सर आणि ते कमी करणाऱ्या ॲडब्लू द्रवाची अख्खी यंत्रणा असते, सगळी एकमेकांवर अवलंबून. पोकळ केला की दाबाचा फरक शून्याजवळ येतो आणि ईसीयूला लगेच कळतं की आत काही उरलेलं नाही. म्हणून सॉफ्टवेअर बदलावं लागतं, आणि बदललेलं सॉफ्टवेअर लपत नाही. ओबीडीमध्ये (गाडीच्या स्वतःच्या तपासणी यंत्रणेत) ईसीयूच्या सॉफ्टवेअरची एक पडताळणी संख्या असते, सीव्हीएन म्हणतात, फाईल बदलली की ती जुळत नाही.

आणि कोड पुसून जायचं म्हणतोस तर ऐक, कोड पुसले की त्याबरोबर रेडीनेस मॉनिटरही (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्याच्या नोंदी) कोरे होतात आणि कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली हेही स्कॅनरवर दिसतं. सर्व्हिसला आलेल्या गाडीत सगळे मॉनिटर अपूर्ण आणि पुसल्यापासूनचं अंतर पाच किलोमीटर असं दिसलं की समोरच्याला काय ते समजतं.

तुझा मूळ त्रास वेगळा आहे. आत साठलेली काजळी जाळायला 600 अंशांच्या आसपास तापमान लागतं, ते शहरात थांबत-थांबत चालवून मिळत नाही. रीजन, म्हणजे ही काजळी जाळायचं काम, चालू असताना, म्हणजे आयडल थोडा वाढलेला, पंखा जोरात, ॲव्हरेज अचानक पडलेलं, तेव्हा गाडी बंद करू नको. आठवड्यातून एकदा समृद्धीवर किंवा कुठल्याही मोकळ्या रस्त्यावर जरा खालच्या गिअरमध्ये 2000 च्या वर आरपीएम ठेवून वीसेक मिनिटं सलग चालव. आणि इंजिन ऑइल पुस्तिकेत दिलेल्या लो-ॲश ग्रेडचंच आहे ना ते तपास, चुकीच्या ऑइलची राख आत बसली की ती रीजनने जळत नाही. त्यातून लाईट गेली नाही तर सर्व्हिस सेंटरला फोर्स्ड रीजन मागून घे, वॉरंटीत आहेस तर भांडून घे.

---

श्टुटगार्टकर

मी मूळचा साताऱ्याचा, सध्या जर्मनीत. इथे बाहेरचा सायलेन्सर लावायला बंदी नाही, पण त्यावर ई-मार्क लागतो, म्हणजे आवाजाची चाचणी होऊन मान्यता मिळालेला आणि तुमच्याच मॉडेलसाठी असलेला. तो नसेल तर तपासणी करून गाडीच्या कागदावर नोंद करून घ्यावी लागते, नाहीतर गाडीचा रस्त्यावर चालायचा परवानाच धोक्यात. आपल्याकडे एआरएआय ही पुण्याची वाहन चाचणी संस्था कंपनीच्या गाडीला मान्यता देते, पण ग्राहकाने नंतर लावलेल्या डब्यासाठी अशी सोपी वाट नाही, हे मला फार खटकतं. चांगलं काम करणारा फॅब्रिकेटर आणि पुंगळी लावणारा दोघंही एकाच तराजूत तोलले जातात.

---

नाशिक_हक्क

@श्टुटगार्टकर बरोबर, म्हणूनच पोलिसांचं पण लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) मध्ये आवाज आणि प्रदूषणाची मर्यादा मोडली तर पहिल्या वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स अपात्र अशी तरतूद आहे. कलम 52 आणि 182ए(4) गाडीत नियमबाह्य बदल केल्याबद्दल आहेत, त्यात एका बदलाला 5,000 चा आकडा आहे. बुलेटचे सायलेन्सर चौकात रोडरोलरखाली घातल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्यात, कारला आजवर कमी पकडतात एवढंच. म्हणून शांत डबा घे. आणि विमा कंपनीला मेलने कळव, उद्या मागून कोणी ठोकलं आणि सर्व्हेयरने बाहेरचा पार्ट बघितला तर निदान लपवलं असं कोणी म्हणू शकणार नाही.

---

सांगलीकर_टर्बो

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. दोन्ही पुस्तिका काढून वाचल्या. कंपनीच्या पुस्तिकेत "बदलामुळे झालेला बिघाड" असंच आहे, पण एक्स्टेंडेडच्या अटींत नॉन-जेन्युइन पार्ट लावल्यास संपूर्ण करार रद्द होऊ शकतो असं स्पष्ट लिहिलंय, हे विकताना कोणी बोललं नव्हतं. ॲडव्हायझरला मेल केला, त्याचा फोन आला, मेलवर उत्तर नाही. कॅट काढायचा विषय डोक्यातून काढून टाकला. मागच्या डब्याचं मात्र अजून मन होतंय, पण एक्स्टेंडेडचे पैसे भरलेत ते पाण्यात घालायचे का हा प्रश्न आहे. माझ्या गाडीत मधला-मागचा पाईप सलगच आहे, काल रॅम्पवर बघून घेतलं.

---

उद्यमनगर_फॅब्रिकेटर

मग घाई करू नका. एक्स्टेंडेड संपेपर्यंत थांबलात तर काही बिघडत नाही, आवाज कुठं पळून जात नाही. तोपर्यंत अपघाती गाडीचा पाईप शोधून ठेवा, मिळाला की फोटो टाका, त्यावर बोल्टवर निघणारा जोड कुठं करायचा ते सांगतो.

---

लॅम्डा_पुणे

आणि तोवर एक ओबीडी डोंगल घेऊन ठेव, हजारभर रुपयांत मिळतो. गाडी ओरिजिनल असतानाच गरम इंजिनवर शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिमचे (ईसीयू इंधन किती टक्के कमी-जास्त करतोय त्याचे) आकडे आयडलला आणि 2500 आरपीएमला लिहून ठेव, स्क्रीनशॉट काढ. साधारण अधिक-उणे पाचच्या आत असायला हवेत. पुढे कधी काम केलंस तर तेच आकडे परत बघायचे, लाँग टर्म दहाच्या वर सरकायला लागला तर लाईट यायच्या आधीच कळेल की कुठेतरी हवा शिरतेय. पीयूसीलाही हाय आयडलला लॅम्डा (हवा-इंधनाच्या प्रमाणाचा आकडा) 1 च्या वर-खाली 0.03 इतकाच चालतो, मागचा जोड गळत असेल तर तिथे फेल होतं, तो रिपोर्टही जपून ठेव.